उपवन तलावातला डायटम कुठल्याच चित्राशी जुळत नाही. ती नवी जाती म्हणावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. (डायटम म्हणजे सिलिकाच्या कवचात राहणारे एकपेशीय, सूक्ष्म शैवल.) ठाण्यात राहणाऱ्या आणि वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने डिसेंबरमध्ये उपवन तलावाच्या पायऱ्यांवरचा तपकिरी, बुळबुळीत थर ब्रशने खरवडून आणला, आम्लात साफ करून त्याची स्लाइड केली, आणि त्या स्लाइडवर तिला गोम्फोनेमा या डायटमाचे चार व्हॉल्व्ह (म्हणजे कवचाचे अर्धे भाग) असे दिसले, जे महाविद्यालयाच्या ग्रंथालयातल्या युरोपीय पुस्तकातल्या एकाही चित्राशी जुळत नाहीत. मार्गदर्शकांच्या मते जाती नवी असावी. तेव्हा तिला नाव कसे द्यायचे, वर्णन कुठे छापायचे आणि नाव आजीचे देता येईल का, असे तिने विचारले आहे.

तुमचा प्रश्न नाव देण्याचा आहे, परंतु तुमच्यापुढची खरी अडचण त्याच्या बरीच आधीची आहे. ‘जुळत नाही’ या शब्दांत दोन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात: आपण कशाशी ताडून पाहिले, आणि काय ताडून पाहिले. तुम्ही मध्य युरोपातल्या डायटमांच्या पुस्तकाशी ताडून पाहिले आणि चार व्हॉल्व्ह ताडून पाहिले. या दोन्ही बाजू अजून अपुऱ्या आहेत. नव्या जातीचे वर्णन म्हणजे एका विचित्र दिसणाऱ्या कवचाचे वर्णन नव्हे. एक अख्खा समूह आजवर वर्णिलेल्या प्रत्येक जवळच्या जातीपासून सातत्याने वेगळा आहे, असा तो दावा असतो, आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते. मी वीस-बावीस वर्षे हे काम करतो आहे. ज्यांच्या वर्णनात माझा सहभाग आहे अशा जाती हाताच्या बोटांवर मोजता येतील; सुरुवातीला नव्या वाटलेल्या आणि नंतर जुन्याच निघालेल्या त्याच्या कितीतरी पट आहेत. तुमची जाती नवी नाही असे मी म्हणत नाही. आपल्याकडच्या तलावांचा अभ्यास इतका तुटपुंजा झाला आहे, की ती खरोखर नवी असणे मुळीच अशक्य नाही. मात्र आजच्या पुराव्यावर ते ठरत नाही.

(शब्दांविषयी एक खुलासा: गोम्फोनेमा ही प्रजाती (जीनस) आणि तिच्यातली एकेक ती जाती (स्पीशीज), असे मी लिहितो. वर्तमानपत्रांत ‘नवी प्रजाती सापडली’ असे छापून येते तेव्हा बहुतेक वेळा जातीच सापडलेली असते.)

आधी चार व्हॉल्व्हचे बोलू. जुन्या मराठी विज्ञानलेखनात डायटमांना ‘करंडक वनस्पती’ म्हटलेले आढळते, आणि तो शब्द मला फार आवडतो, कारण हळदीकुंकवाच्या करंड्यासारखे त्यांचे सिलिकाचे कवच झाकण आणि तळ अशा दोन भागांचे असते. पेशीचे विभाजन होते तेव्हा दोन्ही नव्या पेशींना जुन्या करंड्याचा एकेक भाग मिळतो, आणि दोघीही मिळालेल्या भागाचा झाकण म्हणून उपयोग करून त्याच्या आत बसेल असा नवा भाग घडवतात. जिला मूळचे झाकण मिळाले ती आईएवढीच राहते, जिला तळ मिळाला ती किंचित लहान होते. स्वयंपाकघरातले एकात एक बसणारे स्टीलचे डबे डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या समूहाचा सरासरी आकार का घटत जातो हे लक्षात येईल. पेशी पुरेशा लहान झाल्या की लैंगिक पुनरुत्पादन होते, ऑक्झोस्पोर तयार होतो आणि त्यातून पुन्हा मोठ्या पेशीपासून सुरुवात होते. या चक्रात केवळ आकारमान बदलत नाही. लांबी झपाट्याने कमी होते, रुंदी त्यामानाने टिकून राहते, टोकांचा निमुळतेपणा आणि कडांचे बाक बोथट होत जातात. त्यामुळे लांबसडक, कमरेशी बारीक असा गोम्फोनेमा आणि ठेंगणा, गदेसारखा गोम्फोनेमा एकाच जातीचे असू शकतात. जुन्या काळी अशा दोन टोकांना दोन नावे मिळाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

म्हणून पहिले काम मोजणीचे. निदान पन्नास, आणि जमल्यास शंभर व्हॉल्व्ह मोजा, आणि त्यांत सर्वांत मोठ्यापासून सर्वांत लहानापर्यंत सगळे आकार येतील असे पाहा; केवळ सुबक दिसणारे निवडू नका. प्रत्येकाची लांबी, रुंदी आणि दहा मायक्रॉन अंतरात बसणाऱ्या आडव्या रेषांची, म्हणजे स्ट्रायांची संख्या नोंदवा. स्ट्राया मोजताना व्हॉल्व्हच्या मध्यावर मोजल्या की टोकाजवळ, हेही लिहा, कारण टोकांकडे त्या दाट होतात आणि दोन जणांच्या आकड्यांत त्यामुळेच फरक पडतो. लांबी घटत असताना स्ट्रायांची घनता बहुधा फारशी बदलत नाही. म्हणूनच लांबीपेक्षा या आकड्यावर माझा अधिक भरवसा असतो. लांबी आडव्या अक्षावर आणि रुंदी उभ्या अक्षावर घेऊन ठिपके मांडा. ठिपक्यांचा एकच सलग पट्टा दिसला तर बहुधा एक समूह आहे. दोन पुंजके दिसले, तर स्लाइडवर दोन जाती मिसळलेल्या असण्याची शंका घ्या. गोम्फोनेमा पार्वुलम हा शहरी तलावांत हटकून भेटणारा, सांडपाणी सोसणारा डायटम हे मुळात अनेक जातींचे गाठोडे आहे असे आज मानले जाते, आणि तुमच्या पायऱ्यांवर तो नसेल तर मला नवल वाटेल.

विकृत कवचांचाही विचार करावा लागतो. जड धातू, प्रदूषण किंवा इतर ताणांमुळे कवच वाकडे घडते, मधल्या रेषा विस्कटतात, एखादी बाजू खाचते. असा व्हॉल्व्ह कुठल्याच चित्राशी जुळत नाही हे खरे, परंतु तो नवाही नसतो. तुमचे चारही व्हॉल्व्ह एकाच तऱ्हेने वेगळे असतील तर ही शंका कमी होते. चारही निरनिराळ्या तऱ्हेने वेगळे असतील तर ती वाढते. तुमच्या वर्णनावरून हे मला कळलेले नाही.

उपवनचे स्थानही ध्यानात घ्या. तलाव येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे, आणि पावसाळ्यात उतारावरचे ओहोळ वरच्या दगडांवरचे सगळे धुऊन खाली आणतात. सिलिकाचे रिकामे कवच सहजी नष्ट होत नाही. तेव्हा डिसेंबरात पायऱ्यांवर मिळालेले चार व्हॉल्व्ह तलावात जगणाऱ्या पेशींचे असतील किंवा जुलैत वाहून आलेल्या मृत कवचांचेही असतील, आणि आम्लाने साफ केलेल्या स्लाइडवर हा फरक ओळखता येत नाही. त्यासाठी साफ न केलेला ताजा नमुना त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. आत सोनेरी-तपकिरी हरितलवक असलेल्या, देठाच्या साहाय्याने दगडाला चिकटलेल्या पेशी दिसल्या, तरच तलाव हे त्यांचे घर आहे असे म्हणता येईल. न दिसल्या तर ओढ्यांकडे जावे लागेल. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येते, म्हणजे वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी लागेल. कुठल्या स्थळाला ‘मूळ स्थळ’ म्हणून नोंदवायचे हे यावर अवलंबून आहे, आणि छापून गेल्यावर ते बदलता येत नाही.

याच संदर्भात माझी एक चूक सांगतो. ठाण्याच्याच एका तलावाच्या स्लाइडवर मला एकदा कोसिनोडिस्कसचे मोठे, गोल, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे व्हॉल्व्ह दिसले. कोसिनोडिस्कस हा समुद्राचा रहिवासी. गोड्या पाण्याच्या तलावात तो सापडणे म्हणजे केवढी मोठी बातमी, असे समजून मी दोन आठवडे त्याच्या मागे होतो. जुन्या काळी खाडीचे पाणी तलावात शिरत असावे इथपर्यंत माझा तर्क गेला होता. शेवटी नोंदवही उलटली तेव्हा दिसले, की त्या तलावाच्या आदल्या दिवशी मी ठाणे खाडीच्या काठावर काम केले होते आणि दगड खरवडायचा टूथब्रश तोच होता. ब्रश धुतला होता, चांगला खळखळून धुतला होता. पण ब्रशच्या तंतूंच्या मुळाशी अडकलेले कवच धुण्याने निघत नाही. तेव्हापासून प्रत्येक स्थळाला नवा टूथब्रश, आणि त्याच्या दांड्यावर स्थळाचे नाव व तारीख. सेंट्रिफ्यूजच्या नळ्या आणि ड्रॉपर यांनाही हाच नियम लावावा. तुमचा डिसेंबरचा ब्रश आधी कुठे वापरला होता, हे आठवून पाहा.

आता ‘कशाशी ताडून पाहिले’ याकडे येतो, कारण आपल्याकडचे बहुतेक घोटाळे इथे होतात. मध्य युरोपातल्या गोड्या पाण्याच्या डायटमांवर क्रामर आणि लांगे-बेर्टालो यांनी १९८६ ते १९९१ दरम्यान लिहिलेले खंड अतिशय उत्तम आहेत, आणि भारतातल्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत त्यांची निदान छायाप्रत असते. परंतु ते मध्य युरोपाचे आहेत. त्यांचा आधार घेऊन काम केले की दोन प्रकारच्या चुका होतात. एक म्हणजे आपला डायटम त्यातल्या एखाद्या नावात कोंबला जातो. भारतातल्या डायटमांच्या याद्यांत जर्मनीतली नावे इतकी का आढळतात, याचे बरेचसे उत्तर यात आहे. दुसरी चूक याच्या उलट आणि तुमच्याबाबतीत होऊ शकेल अशी: त्या पुस्तकात नाही म्हणून जी जाती आपण नवी समजतो, तिचे वर्णन आपल्याच परिसरातून सत्तर वर्षांपूर्वी झालेले असते.

आणि ‘आपल्याच परिसरातून’ हे मी उगाच म्हणत नाही. ठाणे शहर साष्टी बेटावर वसलेले आहे, आणि मुंबई व साष्टीच्या डायटमांवर एला गोन्साल्विस आणि एच. पी. गांधी यांनी १९५२ ते १९५४ या काळात इंडियन बोटॅनिकल सोसायटीच्या नियतकालिकात तीन भागांची लेखमाला लिहिली होती. पुढे १९६० साली गांधींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात याच दोन बेटांवर पुन्हा एक दीर्घ लेख लिहिला. कोल्हापूर, धारवाड, सागर, गुजरात अशा पश्चिम भारतातल्या कितीतरी ठिकाणांवरून गांधींनी शेकडो नवी रूपे वर्णिली, त्यांत गोम्फोनेमाचीही आहेत. त्या काळच्या रीतीप्रमाणे या लेखांत रेखाचित्रे आहेत, छायाचित्रे नाहीत; वर्णने थोडक्यात आहेत; अनेक रूपांना स्वतंत्र जाती न म्हणता उपजाती किंवा ‘फॉर्मा’ म्हटले आहे. यामुळे ताडून पाहणे कटकटीचे होते हे खरे, परंतु रेखाचित्र अस्पष्ट आहे म्हणून ते विचारात घेतले नाही, असे म्हणण्याची मुभा वर्गीकरणशास्त्रात नाही. साष्टीतल्या तलावातून नवी जाती वर्णायची आणि साष्टीवरचेच जुने लेख पाहायचे नाहीत, तर कुठलाही जाणकार परीक्षक तो लेख पहिल्या पानावरच परत करील.

त्यानंतर उष्ण कटिबंधाकडे पाहा. फ्रीडरिख हुस्टेट या जर्मन अभ्यासकाने १९३७ ते १९३९ दरम्यान जावा, बाली आणि सुमात्रा येथल्या डायटमांवर प्रचंड काम प्रसिद्ध केले. हवामान आणि ज्वालामुखीजन्य खडक पाहता ठाण्याच्या तलावाला बव्हेरियातल्या तलावापेक्षा जावातला तलाव अधिक जवळचा वाटतो, निदान मी तरी शोधाची सुरुवात तिथून करतो. भाषा जर्मन आहे, पण मापे आणि चित्रे वाचायला जर्मन लागत नाही. त्या-त्या नावांची आजची स्थिती काय, ते नाव टिकले की दुसऱ्यात विलीन झाले, हे अल्जीबेस आणि डायटमबेस या संकेतस्थळांवर पाहता येते. मात्र त्यांना निर्णय न मानता सूचीच माना, आणि प्रत्येक वेळी मूळ लेख उघडा.

हे सगळे चाळल्यावर तुमच्या हाती पाच-सहा जवळच्या जाती उरतील. त्यांच्या पुस्तकातल्या चित्रांपेक्षा त्यांच्या टाइप नमुन्यांची, म्हणजे नाव ज्यांच्याशी बांधलेले असते त्या मूळ नमुन्यांची, छायाचित्रे मिळवा. नावाचा अर्थ शेवटी टाइप ठरवतो; नंतरच्या लेखकांनी त्या नावाखाली काय-काय छापले यावर तो ठरत नाही. हुस्टेट यांचा संग्रह जर्मनीत ब्रेमरहाफेनला आहे, एकोणिसाव्या शतकातले अभ्यासक एहरनबर्ग यांचा बर्लिनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात, त्याच शतकातल्या क्यूट्झिंग यांच्या नमुन्यांचा मोठा भाग लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये. नीट, मुद्देसूद ई-मेल लिहिले तर तिथली माणसे मदत करतात, असा माझा अनुभव आहे; उत्तराला कधी आठ दिवस लागतात, कधी पाच महिने. तुमचे साहित्य तिकडे पाठवण्यापेक्षा त्यांची छायाचित्रे इकडे मागवणे सोपे, कारण जैविक नमुना देशाबाहेर पाठवण्यापूर्वी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम पाहावे लागतात.

यानंतर एक तक्ता करा: उभ्या ओळींत तुमची जाती आणि त्या पाच-सहा जाती, आडव्या ओळींत लांबी, रुंदी, स्ट्राया, टोकांचा आकार, मध्यभागाचा आकार, स्टिग्मा (मध्याजवळचे एक वेगळे छिद्र), छिद्रांची रचना. तुमच्या स्तंभातली कमीत कमी दोन वैशिष्ट्ये, जी आकार घटण्याबरोबर बदलत नाहीत, इतर सर्वांपासून स्पष्टपणे वेगळी निघाली, तर मग मीही म्हणेन की जाती नवी असावी. ‘दोन’ हा आकडा कुठल्या नियमात नाही, तो माझा आहे. एकाच ठळक फरकावर वर्णिलेल्या जाती आहेत आणि त्यांतल्या काही चांगल्या टिकल्या आहेत. तरी केवळ लांबीच्या किंवा एक-दोन स्ट्रायांच्या फरकावर उभी केलेली जाती मला पटत नाही.

नमुना साफ करण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ठाण्याच्या तलावांत एक खास अडचण येते. इथल्या अनेक तलावांत वर्षानुवर्षे मूर्तींचे विसर्जन झाले आहे, आणि प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळून नाहीसे न होता जिप्सम होऊन गाळात बसते. अशा नमुन्याची स्लाइड केली की डायटमांबरोबर सुईसारखे लांब, चकचकीत स्फटिक पसरलेले दिसतात आणि त्यांखाली निम्मे व्हॉल्व्ह झाकले जातात. जिप्सम पाण्यात विरघळते, पण अगदी थोडे, लिटरला सुमारे दोन ग्रॅम. म्हणून लहान नळीत तीनदा धुऊन भागत नाही, मोठ्या बीकरात भरपूर पाणी घेऊन अनेकदा धुवावे लागते. प्रथम सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून चुना काढा, मग धुवा, मग तीस टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये फ्यूम हूडखाली तापवा. फेस अचानक उसळतो, तेव्हा बीकर मोठा आणि नमुना थोडा घ्या, चष्मा आणि हातमोजे घाला, आणि हे काम घरी मुळीच करू नका. काही जुन्या पद्धतींत गंधकाम्ल सांगितलेले असते. कॅल्शियम असलेल्या नमुन्यात ते घातले की काढायला बसलेले जिप्सम आपण स्वतःच तयार करतो. प्रत्येक धुण्यानंतर बीकर रात्रभर स्थिर ठेवून वरचे पाणी हलकेच ओता. वेळ वाचवण्यासाठी वेगाने सेंट्रिफ्यूज केले तर लांब, नाजूक व्हॉल्व्ह मोडतात.

स्लाइड नॅफ्रॅक्ससारख्या माध्यमात (म्हणजे व्हॉल्व्ह ज्यात कायमचे बसवतात त्या राळेत) करा. सिलिकाचा अपवर्तनांक सुमारे १.४५, कॅनडा बाल्समचा १.५३ आणि नॅफ्रॅक्सचा १.७च्या आसपास. फरक जितका जास्त तितक्या कवचावरच्या रेषा उठून दिसतात. बाल्सममध्ये बारीक स्ट्राया जवळजवळ अदृश्य होतात. तुम्ही पाठवलेली छायाचित्रे ४०च्या ऑब्जेक्टिव्हवर काढलेली दिसतात. १००चे तेलाचे ऑब्जेक्टिव्ह वापरल्याशिवाय मोजमापाला हात घालू नका.

प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने सुमारे ०.२ मायक्रॉनपेक्षा बारीक तपशील दिसत नाही, आणि गोम्फोनेमात जातीजातींमधले फरक नेमके त्या मर्यादेच्या आसपास असतात. म्हणून स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतोच. ठाण्याहून जवळचा पर्याय म्हणजे पवईच्या आयआयटीतली साधन-सुविधा. बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही तिथे नोंदणी करून वेळ घेता येते. जाण्यापूर्वी काय टिपायचे याची यादी हातात असू द्या, कारण तासाचे पैसे पडतात आणि सुंदर दिसणाऱ्या दुसऱ्याच डायटमात मन रमते. बाहेरची बाजू आणि आतली बाजू, दोन्ही हव्यात. आतून पाहायला उलटा पडलेला व्हॉल्व्ह शोधावा लागतो. रॅफीची (व्हॉल्व्हच्या लांबीने जाणाऱ्या फटीची) मधली आणि टोकाकडची अखेर कशी वळते, स्टिग्माचे तोंड बाहेरून आणि आतून कसे आहे, स्ट्रायांतली छिद्रे गोल आहेत की अर्धचंद्राकार, पायाकडच्या टोकाला देठाचा स्राव बाहेर सोडणाऱ्या छिद्रांचा पुंजका कसा आहे, हे सगळे टिपा. भारतीय द्वीपकल्पातल्या नद्यांतून अलीकडे वर्णिलेली इंडिकोनेमा ही प्रजाती गोम्फोनेमापासून ज्या गोष्टींमुळे वेगळी केली गेली, त्यांतली एक ठळक गोष्ट म्हणजे हा पुंजका एकाऐवजी दोन्ही टोकांना असणे. तेव्हा डोक्याकडच्या टोकाचेही छायाचित्र अवश्य घ्या. सोन्याचा लेप पातळ द्यायला सांगा. जाड झाला की छिद्रे बुजतात आणि मग छिद्रे नसलेली एक ‘नवी’ जाती तयार होते.

डीएनएबद्दल थोडक्यात: नाव वैध होण्यासाठी त्याची सक्ती नाही. एकेक पेशी उचलून संवर्धन करता आले आणि आरबीसीएल या, जाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या, जनुकाचा क्रम मिळाला, तर तुमची बाजू भक्कम होईल. पण त्यासाठी जिवंत नमुना हवा. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्यातून हे होणे नाही. पुढच्या वेळी नमुना तीन बाटल्यांत वाटा: एक ताजा, एक अल्कोहोलमध्ये, एक ल्यूगोलच्या आयोडीनच्या द्रावणात.

इथपर्यंतचे एकदा जोडून घेऊ. जिवंत पेशी पाहून तलाव हेच घर असल्याची खात्री, पन्नास-शंभर व्हॉल्व्हची मापे, साष्टीवरच्या आणि उष्ण कटिबंधातल्या जुन्या लेखांशी तुलना, जवळच्या जातींचे टाइप, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली आतली-बाहेरची छायाचित्रे. एवढे झाल्यावरच तुमचा मूळ प्रश्न सुरू होतो.

नाव देण्याचे नियम शैवले, कवके आणि वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेत आहेत. आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये तिच्यात सुधारणा होतात. अशी काँग्रेस अलीकडे २०१७ साली शेनझेनला आणि २०२४ साली माद्रिदला भरली. तुमच्या कामापुरते मुद्दे असे: वर्णन किंवा फरक सांगणारे निदान लॅटिनमध्ये किंवा इंग्रजीत हवे. १९५८ ते २०११ या काळात शैवलांना लॅटिन बंधनकारक होते, १ जानेवारी २०१२पासून इंग्रजी चालते. मराठीत कितीही काटेकोर लिहिले तरी त्याने नाव वैध होत नाही, याचे मला व्यक्तिशः वाईट वाटते. जातीची वैशिष्ट्ये दाखवणारे चित्र हवे. होलोटाइप, म्हणजे नाव ज्याच्याशी बांधले जाते तो एकच नमुना, कोणता आणि तो कुठल्या हर्बेरियममध्ये (वनस्पतिसंग्रहात) ठेवला आहे, हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले हवे. १९९०पासून ‘टाइप’ हा शब्दच गाळला तर नाव वैध ठरत नाही. लेख केवळ ऑनलाइन निघणार असेल तर तो पीडीएफ स्वरूपात आणि आयएसएसएन किंवा आयएसबीएन असलेल्या प्रकाशनात असायला हवा. शैवलांच्या नावांची फायकोबँकमध्ये नोंद करण्याची पद्धत आहे. ती करून ठेवा.

डायटमांचा होलोटाइप बहुधा एक स्लाइड असते, आणि त्या स्लाइडवर इतर पन्नास जातीही असतात. म्हणून निवडलेल्या व्हॉल्व्हभोवती हिरा बसवलेल्या ऑब्जेक्टिव्हने बारीक वर्तुळ कोरून घ्या आणि नेमक्या त्याच व्हॉल्व्हचे छायाचित्र लेखात छापा. त्याच साहित्याच्या दुसऱ्या स्लाइड आयसोटाइप (होलोटाइपच्या जोडीचे नमुने) म्हणून ठेवा, आणि साफ केलेल्या साहित्याची कुपीही जमा करा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या हर्बेरियममध्ये पश्चिम घाटातल्या डायटमांचे टाइप आहेत, तिथे विचारणा करणे सर्वांत सोयीचे. टाइप महाविद्यालयाच्या कपाटात ठेवू नका. माझ्या एका परिचिताची स्लाइडची पेटी विभागाच्या रंगकामात गेली, ती आजतागायत सापडलेली नाही. याखेरीज जैवविविधता अधिनियम, २००२च्या कलम ३९ प्रमाणे नवा आढळलेला टॅक्सॉन (जाती, प्रजाती असा वर्गीकरणातला गट) शासनाने नेमलेल्या अधिकोशाला, म्हणजे नमुने जतन करणाऱ्या संस्थेला, कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. तलाव महापालिकेचा आहे, तेव्हा नमुने घेण्यापूर्वी त्यांचेही पत्र घ्या. सकाळी फिरायला येणारी मंडळी ‘काय, मासे पकडताय का?’ असे विचारतात, तेव्हाही ते पत्र खिशात असलेले बरे.

छापण्यासाठी फायटोटॅक्सा, डायटम रिसर्च, फायकोलॉजिया, फोटिया ही नियतकालिके या विषयाची आहेत. पैसे घेऊन आठवड्यात छापून देतो म्हणणाऱ्यांकडे फिरकू नका. माझा एक लेख अशा एका ठिकाणी गेला होता. त्यांनी मजकुरातून होलोटाइपचा क्रमांकच गाळला आणि शुद्धिपत्र काढायलाही नकार दिला. नमुन्यापासून छापील पानापर्यंत दीड ते दोन वर्षे धरा. एम.एस्सी.च्या एका सत्रात हे बसणार नाही, तेव्हा प्रबंधात तिचा उल्लेख ‘गोम्फोनेमाची एक अनिश्चित जाती’ असा करा आणि नियोजित नाव प्रबंधात, भित्तिपत्रकावर किंवा वर्तमानपत्राच्या बातमीत येऊ देऊ नका. वर्णनाशिवाय फिरणाऱ्या नावाला संहितेत स्थान नसते, पण ते इतरांच्या याद्यांत शिरते आणि पुढे निस्तरत बसावे लागते.

आजींचे नाव देता येईल. संहितेत त्याला काहीच आडकाठी नाही. व्यक्तीच्या नावावरून षष्ठी विभक्तीचे रूप करतात. स्त्रीचे नाव आकारान्त असेल तर रोमन लिपीतल्या नावाला फक्त ‘ई’ हे अक्षर जोडतात, म्हणजे यमुना असेल तर ‘यमुनाए’ असे काहीसे वाचले जाईल. गोम्फोनेमा हा शब्द नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे ठाण्यावरून विशेषण केले असते तर शेवटी ‘-एन्से’ आले असते, नाविक्युलासारख्या स्त्रीलिंगी प्रजातीत ‘-एन्सिस’. षष्ठीच्या रूपाला लिंगाचा हा प्रश्न येत नाही. गोम्फोनेमात तेच नाव आधी कोणी वापरले आहे का, हे मात्र पाहून घ्या. आणि व्युत्पत्तीच्या परिच्छेदासाठी दोन ओळी पुरतात: त्या कोण, आणि त्यांचा या तलावाशी काय संबंध. तुम्ही लिहिले आहे की लहानपणी त्याच तुम्हाला उपवनला घेऊन जात असत. ते वाक्य तसेच्या तसे तिथे चालेल.